पेट्रोलच्या टाकीतला इतिहास : शिसे, ऑइल, रॉकेल आणि ऊस

#थ्रेड

१/
सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात, कृष्णा आणि तारळी यांच्या संगमाजवळ उंब्रज वसले आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. पुणे-बंगळूर महामार्गही याच गावावरून जातो. गळीत हंगामात या परिसरातील रस्त्यांवर दोन प्रकारची वाहने दिसतात. उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याची वाट धरतात, तर घरोघरच्या दुचाक्या आणि मोटारी पेट्रोल पंपाची.

२/
या दोन वाटा आज एकाच टाकीत येऊन मिळतात. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता सुमारे २० टक्के इथेनॉल असते आणि उसाची मळी, उसाचा रस हे त्याचे महत्त्वाचे स्रोत आहेत. ‘याने गाडी खराब होते का? टाकीत एखादे ॲडिटिव्ह ओतावे का?’ हे प्रश्न २०२५ मध्ये देशभर विचारले गेले. त्यांच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात चार द्रव्ये येतात. प्रत्येकाच्या बाबतीत तीन गोष्टी तपासायच्या आहेत : मिसळण्याचा निर्णय कोणाचा होता, लाभ कोणाला झाला आणि किंमत कोणी मोजली.

३/
मुळात पेट्रोलमध्ये काही मिसळावेच का लागले? पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठरलेल्या क्षणी ठिणगीने पेटवले जाते. इंधन हलक्या प्रतीचे असेल, तर त्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्वाळा पोहोचण्याआधीच आपोआप भडकतो आणि इंजिन आतून ठोकल्यासारखा आवाज करते. हेच ‘नॉकिंग’. त्याला दाद न देण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. मिश्रण जितके अधिक दाबावे तितकी ताकद अधिक. परंतु त्यासाठी ऑक्टेनही अधिक लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार उद्योग येथेच अडला होता.

पहिले द्रव्य : शिसे

४/
९ डिसेंबर १९२१. अमेरिकेतील डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना उत्तर सापडले. टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक सेंद्रिय संयुग, पेट्रोलमध्ये अत्यल्प प्रमाणात घातले की नॉकिंग थांबत होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्येच अशा पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्याला व्यापारी नाव मिळाले ‘एथिल’. त्या नावात शिशाचा उल्लेखही नव्हता.

५/
अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते, हे मिजली आणि केटरिंग यांना ठाऊक होते. अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर त्यांनी स्वतः प्रयोग केले होते. परंतु अल्कोहोल कोणालाही गाळता येण्याजोगे होते. त्यावर पेटंट मिळवून मक्तेदारी उभी करणे शक्य नव्हते. शिवाय ते चमचाभर घालून भागत नाही. दहा-वीस टक्के अल्कोहोल घातले, की तेवढे पेट्रोल कमी विकले जाते. शिशाच्या बाबतीत या दोन्ही अडचणी नव्हत्या.

६/
ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. अनेकांना भ्रम झाले, झटके आले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर ओतून घेतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी ते स्वतः शिशाच्या विषबाधेतून बरे होण्यासाठी रजेवर गेले होते.

७/
मे १९२५ मध्ये अमेरिकी सरकारने परिषद बोलावली. औद्योगिक विषशास्त्राच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तेथे कडाडून विरोध केला. पुढे नेमलेल्या समितीने १९२६ मध्ये बंदीसाठी पुरेसे कारण दिसत नसल्याचा निर्वाळा दिला. पुढील चार दशकांची दिशा येथेच ठरली. ‘सुरक्षित आहे हे विक्रेत्याने सिद्ध करावे’ हे तत्त्व मागे पडले आणि ‘घातक आहे हे इतरांनी सिद्ध करावे’ हे तत्त्व रूढ झाले. १९६५ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी दाखवून दिले, की माणसाच्या शरीरात आणि परिसरात सापडणारे शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट अधिक आहे. शिशाचा सर्वाधिक मारा होतो तो लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर.

८/
भारतात पेट्रोलमधील शिशाची मर्यादा १९९४ पर्यंत लिटरमागे ०.५६ ग्रॅम होती. त्या वर्षी चार महानगरांत ती ०.१५ ग्रॅमवर आणली गेली. १ एप्रिल १९९५ पासून महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. या बदलामागे सर्वोच्च न्यायालयात एम. सी. मेहता यांनी लढवलेल्या प्रदूषणाच्या खटल्याचा रेटा होता. एक तांत्रिक निकडही होती, कारण शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो.

९/
तोवर प्रीमियर पद्मिनी असो वा ॲम्बेसेडर, शिसे जाळल्यावाचून पर्याय नव्हता. धुराड्यातून बाहेर पडणारे शिसे रस्त्यालगतच्या मातीत उतरते आणि तेथेच साठून राहते. त्यामुळे मोटार नसलेले कुटुंबही त्यातून सुटले नव्हते. किंमत मोजणाऱ्यांत निर्णयाशी काडीचाही संबंध नसलेली मुले होती.

१०/
शिसे काढले तेव्हाही ‘आता जुनी इंजिने मोडतील’ अशी भीती जगभर पसरली होती. तिच्यात तथ्याचा अंश होता. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह जेथे टेकतो त्या कडेवर शिशाचा पातळ थर बसून तिची झीज रोखली जाई. म्हणून ‘शिशाला पर्याय’ सांगणाऱ्या बाटल्या बाजारात आल्या. प्रत्यक्षात ही झीज प्रामुख्याने दीर्घकाळ वेगाने व भाराखाली धावणाऱ्या जुन्या इंजिनांत दिसली; घरगुती वापराच्या बहुसंख्य गाड्या निभावून गेल्या. जगातील शेवटचे शिसेयुक्त मोटार-पेट्रोल अल्जीरियात जुलै २०२१ मध्ये संपले. १९२१ ते २०२१, बरोबर एक शतक.

दुसरे द्रव्य : टू-टी ऑइल

११/
महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबाने स्वतः पाहून, विकत घेऊन टाकीत घातलेले द्रव्य मात्र वेगळेच होते. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना. पुढे एम-८० आली. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून जाणारी एम-८० पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावी परिचयाची होती. या सर्व गाड्या टू-स्ट्रोक होत्या.

१२/
टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण क्रँककेसमधूनच पुढे जाते. म्हणून वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होई, जास्त झाले तर प्लग काजळे आणि निळसर धूर निघे. पंपावर मापाने ऑइल घालून घेणे हा गाडी चालवण्याच्या शिक्षणाचाच भाग होता. काय, किती आणि कशासाठी मिसळले जात आहे, हे मालकाला पूर्णपणे ठाऊक असलेले चौघांतील हे एकमेव द्रव्य.

१३/
ठाऊक असले तरी ते निरुपद्रवी नव्हते. टू-स्ट्रोक इंजिनात काही इंधन न जळताच बाहेर पडते आणि सोबत ऑइलही जाते. ‘थोडे जास्त घातले तर इंजिन टिकते’ या समजुतीने धूर वाढतच गेला. दिल्लीत १९९८ च्या अखेरीस न्यायालयीन आदेशांमुळे ऑइल आधीच योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल देणे बंधनकारक झाले. पुढे उत्सर्जनाचे निकष कडक होत गेले आणि फोर-स्ट्रोक गाड्यांनी टू-स्ट्रोकची जागा घेतली.

तिसरे द्रव्य : रॉकेल

१४/
तिसरे द्रव्य कोणत्याही सरकारी तपशिलात नव्हते, तरीही ते टाकीत होते. शिधापत्रिकेवरचे अनुदानित रॉकेल पेट्रोल-डिझेलच्या तुलनेत अतिशय स्वस्त होते. दरातील ही दरी म्हणजे भेसळीला आमंत्रणच. शिधावाटपाच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला. २००६ मध्ये भेसळ ओळखण्यासाठी त्यात मार्कर घालण्याचा प्रयोग झाला. तो फार काळ टिकला नाही. रॉकेलचे ऑक्टेन अत्यंत कमी असते. ते पेट्रोलमध्ये मिसळले की नॉकिंग, धूर आणि काजळी तिन्ही वाढतात.

१५/
या भेसळीचे अर्थकारण किती क्रूर होते, याची साक्ष २५ जानेवारी २०११ या तारखेला आहे. नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळ इंधन भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पेट्रोलमध्ये काय मिसळले जाते हे तपासण्याची किंमत प्राणांनी चुकवावी लागली.

चौथे द्रव्य : ऊस

१६/
अल्कोहोल मिसळण्याची कल्पना शिशाइतकीच जुनी आहे. ब्राझीलने १९३१ मध्ये आयात पेट्रोलमध्ये ५ टक्के अल्कोहोल मिसळणे सक्तीचे केले आणि १९७५ मध्ये तेलसंकटाच्या छायेत ‘प्रोआल्कूल’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभला. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर रेशनिंग आले आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यांवर दिसू लागल्या. परकीय इंधनावर विसंबण्याचा धोका त्यातून उमगला. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ मध्ये, ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ संमत झाला.

१७/
कच्चा माल होता मळी. साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारा हा दाट, काळसर पाक. तो आंबवून ऊर्ध्वपातन केले की सुमारे ९५ टक्के शुद्धतेचे स्पिरिट मिळते. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी उरलेले पाणीही काढून ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध, निर्जल अल्कोहोल तयार करावे लागते. परंतु मळीपासूनच्या अल्कोहोलला मद्यनिर्मिती आणि रसायन उद्योग हे दोन मोठे ग्राहक मिळाले, खनिज तेलही स्वस्त राहिले आणि तो कायदा धूळ खात पडला. अखेर २००० मध्ये तो रद्द करण्यात आला.

१८/
इतिहासाचा योगायोग असा, की कायदा रद्द झाल्यानंतर वर्षभरातच मूळ कल्पना पुन्हा जिवंत झाली. २००१ मध्ये केंद्र सरकारने ५ टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे तीन पथदर्शी प्रकल्प सुरू केले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होते, एक सांगली जिल्ह्यातील मिरजेला आणि दुसरा मनमाडला. तिसरा उत्तर प्रदेशात बरेली भागात होता. या केंद्रांवरून ज्यांना पुरवठा होई, त्या पंपांवर मिश्र पेट्रोल विकले जाऊ लागले.

१९/
मिरजेभोवतीचा प्रदेश पाहिला तर ही निवड सयुक्तिक वाटते. सांगलीचा वसंतदादा कारखाना, साखराळ्याचा राजारामबापू, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री असा कृष्णाकाठ सहकारी साखर कारखान्यांनी भरलेला आहे. म्हणजे आज सर्व देशाच्या टाकीत असलेल्या मिश्रणाचे आरंभीचे एक पाऊल याच खोऱ्यात, उंब्रजच्या शेजारच्या जिल्ह्यात पडले.

२०/
जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह ९ राज्यांत व ४ केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण लागू झाले. लगेच अवर्षण आले, ऊस घटला आणि कार्यक्रम अडखळला. २०१३-१४ मध्येही देशातील सरासरी मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. २०१८ चे जैवइंधन धोरण, त्याच सुमारास झालेले साखरेचे अतिरिक्त उत्पादन आणि कारखान्यांकडे थकलेली उसाची बिले यांमुळे चित्र पालटले. ‘बी हेवी’ मळी व उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला वेगळे दर मिळाले. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि मूळचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच पूर्ण झाले.

२१/
या प्रवासात शेतकरी केंद्रस्थानी असल्याचे सांगितले गेले आणि ते खोटे नाही. इथेनॉलचे पैसे साखरेपेक्षा लवकर हाती येतात, त्यामुळे कारखान्याला उसाचे बिल देणे सुकर होते. परंतु हा आधार किती नाजूक आहे, तेही दिसून आले. पाऊस कमी झाल्यामुळे साखरेच्या टंचाईची भीती निर्माण होताच डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक निर्बंध घातले. कर्ज काढून आसवनी उभारलेले कारखाने हादरले. त्याच हंगामात मका आणि इतर धान्यापासून झालेले इथेनॉल उसाच्या इथेनॉलपेक्षा अधिक भरले.

मग गाडीचे काय?

२२/
येथे गणित सोपे आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही हे अंदाज आहेत : शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्क्यांनी घटू शकते. १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट १ ते २ टक्के. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या दुचाकीसाठी ३ ते ४ टक्के म्हणजे दीड ते दोन किलोमीटर.

२३/
दुसरा प्रश्न साहित्याचा. जुन्या गाड्यांतील काही रबरी नळ्या, वायसर आणि सील इथेनॉलमुळे फुगतात किंवा कडक होतात. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत हे भाग २० टक्के मिश्रणाला साजेसे असतात. तिसरा प्रश्न पाण्याचा. इथेनॉल ओलावा धरते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो. रोज चालणाऱ्या गाडीत हे सहसा घडत नाही. पावसाळाभर पडवीत उभ्या राहिलेल्या जुन्या स्कूटरमध्ये घडू शकते.

२४/
आता दुकानातील बाटलीकडे वळता येईल. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर बसलेला कार्बन विरघळवणारी स्वच्छक द्रव्ये खरोखर काम करतात. तेल कंपन्यांच्या महागड्या ‘प्रीमियम’ पेट्रोलमध्येही अशीच द्रव्ये असतात. ऑक्टेन बूस्टर मात्र येथे बहुधा व्यर्थ. २० टक्के मिश्रणाचे ऑक्टेन सुमारे ९५ असते आणि ९१ साठी बनलेल्या घरगुती गाडीला त्याहून अधिकाचा उपयोग होत नाही. ३५ लिटरच्या टाकीत शंभर मिलिलिटर द्रव ओतून ७ लिटर इथेनॉलमधील उणी ऊर्जा भरून निघणे तर अशक्यच. फुगलेला सीलही त्याने पूर्ववत होत नाही. तो बदलावाच लागतो.

२५/
शिसे आणि इथेनॉल यांना एकाच तागडीत घालणे अन्यायाचे ठरेल. शिसे हे विष होते; इथेनॉल तसे नाही आणि त्यामुळे तेलाची आयातही कमी होते. साम्य आहे ते निर्णयाच्या पद्धतीत. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर मिश्रणाचा स्पष्ट उल्लेख मिळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. सुनावणीत सरकारने ऊस उत्पादकांच्या हिताचा मुद्दा मांडला होता.

२६/
उंब्रजसारख्या गावात हा वाद दोन गटांत विभागता येत नाही, कारण ऊस उत्पादक आणि वाहनमालक एकाच घरात राहतात. कारखान्याकडून बिल वेळेवर येणे हा त्या घराचा लाभ आणि जुन्या दुचाकीचे घटलेले मायलेज हा त्याच घराचा तोटा. या दोहोंचा हिशेब धोरणाच्या कागदावर वेगवेगळ्या रकान्यांत मांडला जातो. तो एकत्र करण्याचे काम त्या घरालाच करावे लागते.

२७/
त्या हिशेबासाठी लागणारी साधने उपलब्ध आहेत. गाडी किती टक्के इथेनॉलसाठी बनली आहे, हे नव्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी, घनतेची तपासणी आणि पाच लिटरचे माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. जुन्या गाडीच्या इंधननळ्या आणि सील सर्व्हिसिंगच्या वेळी आवर्जून पाहून घ्यावेत. दीर्घकाळ उभी राहणारी गाडी अधूनमधून चालवावी. बाटली घ्यायचीच असेल तर त्या द्रव्याने नेमके काय साफ होते, एवढे वाचून घ्यावे. टू-टी ऑइलच्या काळातील गाडीमालकाला आपल्या टाकीतील प्रत्येक थेंबाचे प्रमाण ठाऊक होते. त्याच्या नातवालाही ते ठाऊक असायला हरकत नाही.

थ्रेड समाप्त.